स्वतःचा शिक्का चालणार नाही

११ सप्टेंबर २०२२, रविवार

काल चंद्राच्या सणाला गल्लीत शेगड्या मांडून सगळ्यांनी मांस भाजलं, आणि मी भरल्या पोटी चारचौघांत शब्द देऊन बसले. उद्या तो सोयीने विसरायला नको, म्हणून आजपासून लिहून ठेवते.

शब्द असा. २६ नोव्हेंबरला स्थानिक निवडणुका आहेत, आणि त्याच दिवशी घटनादुरुस्तीवर सार्वमत आहे. मतदानाचं वय वीसवरून अठरावर आणायचं की नाही, एवढाच प्रश्न. संसदेत सगळ्या पक्षांनी हात वर केले, विरोधात एकही नाही. आमच्याकडचे दोन मोठे पक्ष आज उकडतंय की नाही यावरही एकमत करत नाहीत, तेव्हा ही गोष्ट आता झाल्यात जमा आहे. मी म्हटलं, "मी लीचांग आहे, या वस्तीची प्रमुख. आपले निम्म्याहून जास्त मतदार 'सहमत' म्हणतील. नाही म्हणाले तर पुढच्या सणाला सगळ्या शेगड्या मी एकटी सांभाळीन."

टाळ्या पडल्या. चौकात नाश्त्याची गाडी लावणारी आ-लुआन म्हणाली, "लीचांगबाई सांगतील तिथं शिक्का." तीन वेळा या लोकांनी मला उगाच निवडून दिलेलं नाही.

एकटे मामंजी पोमेलोची साल काढत बसले होते. वय शहाऐंशी, आणि जीभ अजून धारदार. म्हणाले, "अठराव्या वर्षी मला अंगातला सदरा उलटा की सुलटा ते कळत नव्हतं." पेई-यिन समोरच होती. गेल्याच महिन्यात तिला अठरा पूर्ण झाली. तिने ताटली खाली ठेवली आणि आत गेली. स्वतःच्या नातीसमोर असं बोलतात का कुणी? मला मामंजींचा भयंकर राग आला.

१४ सप्टेंबर

पेई-यिनने मला कॅलेंडरवर बोट ठेवून हिशेब दाखवला. राष्ट्राध्यक्षाची पुढची निवडणूक २०२४ च्या जानेवारीत. तिला वीस पूर्ण होणार त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये. म्हणजे सात महिने कमी पडणार, आणि मग थेट आणखी चार वर्षांनी. "आई, पहिल्यांदा मत देईन तेव्हा मी तेवीस वर्षांची घोडी असेन." मी म्हटलं, "तुझी आई कशाला बसलीय?" ती हसली. मुलीला दिलेला शब्द गल्लीला दिलेल्या शब्दापेक्षा जड असतो, हे मला कळतं.

२५ सप्टेंबर

सहा गल्ल्या झाल्या. प्रत्येक दारात चहा, प्रत्येक दारात "हो, हो, चांगलीच गोष्ट आहे". एकाही घरात 'नाही' ऐकलं नाही. चप्पल झिजली, पण मन भरलं.

वेन-पिनला सांगितलं. नवरा माझा शांत माणूस, दिवसभर दुकानात किल्ल्या घासतो. तो म्हणाला, "तुला तोंडावर नाही कोण म्हणेल? नळ फुटला की तुलाच फोन करायचा असतो." बायकोचं कौतुक करायची याची पद्धत अशीच, वाकडी.

शू गुरुजी भेटले. शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे, निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी शिकवायचं सुटलेलं नाही. त्यांनी मला रस्त्यात उभं करून समजावलं की साधा कायदा संसद बदलते, पण घटना बदलायची तर देशातल्या एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी 'सहमत' म्हणावं लागतं. मतदान करणाऱ्यांपैकी नव्हे, एकूण. शहाण्णव लाख माणसं. "म्हणजे बघा, जो घरी झोपून राहील तोही विरोधातच मोजला जाणार. जो परदेशात आहे तो, जो कागद घेणार नाही तो, सगळे." मी विचारलं, इतका उंच उंबरठा घातला कुणी? म्हणाले, "आपणच. सतरा वर्षांपूर्वी, शेवटची दुरुस्ती केली तेव्हा. घटना रोज उठून कुणी बदलू नये म्हणून." मी म्हटलं, गुरुजी, आपली माणसं झोपणारी नाहीत. ते म्हणाले, "बरं." गुरुजींना नेहमी काळी बाजूच दिसते.

४ ऑक्टोबर

भोंग्यावरून वस्तीला सूचना दिली. प्रचार करायचा नाही असा नियम आहे, म्हणून फ्लूच्या लसीची वेळ सांगितली, कचऱ्याची गाडी उशिरा येणार ते सांगितलं, आणि शेवटी फक्त एवढंच म्हटलं की २६ तारखेला घटनादुरुस्तीचा कागदही घ्यायला विसरू नका. यात प्रचार कुठे आहे?

आमच्याकडे सहीऐवजी प्रत्येकाचा नावाचा शिक्का असतो, त्यावरून दर वेळी म्हाताऱ्यांचा एक घोळ होतो, तोही सांगून टाकला. "घरून नेलेला स्वतःचा शिक्का फक्त यादीवर उमटवून मतपत्रिका घेण्यासाठी. मतपत्रिकेवर आडोशातला सरकारी शिक्काच मारा. स्वतःचा शिक्का चालणार नाही, मत बाद होईल."

खाली आले तर मामंजी दुकानाच्या दारात हाताची घडी घालून उभे. "पासष्ट वर्षं या गावाचे शिक्के कोरतोय. आणि सूनबाई मला भोंग्यावरून शिक्का शिकवते."

"तुम्हाला नाही मामंजी, सगळ्यांना सांगितलं."

"सगळ्यांत मी आलो की नाही?"

त्यांना आल्याचा चहा करून दिला. प्याले, पण घडी सोडली नाही.

१० ऑक्टोबर, राष्ट्रीय दिन

सुट्टी. कालवांची ऑम्लेटं केली, मामंजींना आवडतात म्हणून जास्त कुरकुरीत. मनात होतं की आज त्यांना वळवायचंच. माझ्या सगळ्या वस्तीत ठाम 'नाही' म्हणणारा एकच माणूस, आणि तो माझ्याच स्वयंपाकघरात. लोक काय म्हणतील?

मी म्हटलं, "मामंजी, अठराव्या वर्षी पोराला सैन्यात नेतात, गाडी चालवू देतात, कर घेतात. गुन्हा केला तर मोठ्यांसारखी शिक्षा. येत्या एक जानेवारीपासून कायद्याने अठराव्याला सज्ञानही होणार. खातं उघडा, करार करा, लग्न करा. फक्त मत नाही. का, तर बाकी सगळं कायद्यात आहे आणि हे एकटं घटनेत अडकलंय."

मामंजी म्हणाले, "मी वीस वर्षांचा झालो तेव्हा घटना होती. छापलेली, सुरेख. पण वरून 'तात्पुरती' म्हणून कलमं डकवली होती आणि ती चाळीस वर्षं तात्पुरतीच राहिली. जुन्या काळी समुद्रापलीकडे, मुख्य भूमीवर निवडून आलेली माणसं संसदेत बसली ती उठलीच नाहीत. शेवटी शेवटी चाकाच्या खुर्चीत, हाताला सलाइन लावून मत द्यायला आणायचे. मग घटना दुरुस्त झाली, ते घरी गेले. राष्ट्राध्यक्ष मी पहिल्यांदा निवडला तेव्हा साठीचा होतो. साठीचा. मी थांबलो. हिला चार वर्षं थांबायला काय होतंय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात पेई-यिन म्हणाली, अगदी हळू, "आजोबा, थांबलात तेव्हा तुम्हाला बरं वाटत होतं?"

मामंजी उठले. ऑम्लेट अर्धंच ठेवून दुकानात जाऊन बसले. मी तिला दटावलं की आजोबांशी असं बोलू नये, केलेलं सगळं मुसळ केरात. आता ते कधीच वळणार नाहीत.

२३ ऑक्टोबर

मामंजींचा हात मंदावलाय. एरवी एक शिक्का तासाभरात हातावेगळा करायचे. गेले दहाबारा दिवस एकाच शिंगाच्या तुकड्याशी खेळतायत. कोरतात, घासून टाकतात, परत कोरतात. गिऱ्हाईक आलं तर वेन-पिनकडे पाठवतात. मी विचारलं, कुणाचा? म्हणाले, "घाई नसलेल्या माणसाचा." डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घ्यायला हवी.

आणि पेई-यिनला रोज काहीतरी विचारत असतात. कॉलेजात काय चाललंय, बातम्यांत तो कोण बोलत होता, तू असतीस तर नगरपालिकेला कुणाला दिलं असतंस, का. तिची उलटतपासणी घेतात बिचारीची. काल मी मध्ये पडले तर दोघंही माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जा."

६ नोव्हेंबर

माझ्या विरोधात नूडल्सवाल्या कोचा धाकटा भाऊ उभा आहे. त्याचा फलक माझ्या फलकाहून मोठा आणि चेहरा माझ्याहून गोल. चिंता नाही. मी लीचांगपणासाठी कमी आणि दुरुस्तीसाठी जास्त फिरतेय. सोळा गल्ल्या पूर्ण.

ताइपेई आणि शिंचूला कामाला असलेल्या पोरांच्या आयांना सांगितलं की नाव इथल्या यादीत आहे तर मत इथेच येऊन द्यावं लागेल, गाडीचं तिकीट आत्ताच काढायला सांगा. सगळ्या म्हणाल्या, सांगते. एकीने विचारलं, "लीचांगबाई, अठराव्या वर्षी पोरं निवडणुकीला उभीही राहतील का हो?" मी म्हटलं, हो, राहू शकतील. ती म्हणाली, "अगंबाई. छान, छान." आणि मला शेंगदाण्याची पिशवी भरून दिली.

१५ नोव्हेंबर

तो शिक्का पेई-यिनचा आहे. आज बघितला. काळ्या शिंगाचा, चौकोनी, आणि अक्षरं अशी की हात मंदावल्याच्या माझ्या सगळ्या तक्रारी मी परत घेते. शिह पेई-यिन. मला भरून आलं. मामंजींनी तो लगेच मुठीत घेतला. "एक जानेवारीला देणार. सज्ञान होईल तेव्हा. तोपर्यंत माझ्याकडे."

मी मोका साधून म्हटलं, "एवढं करता तिच्यासाठी, मग 'सहमत' म्हणायला काय जातं?"

"शिक्का देणं वेगळं, राज्य देणं वेगळं."

यांच्यापुढे मी हात टेकले. एक मत गेलं तर गेलं, बाकी वस्ती माझ्यामागे आहे.

२५ नोव्हेंबर

उद्या. भोंग्यावरून शेवटची सूचना दिली. ओळखपत्र, मतदानाची चिठ्ठी, शिक्का घेऊन या, आणि स्वतःचा शिक्का मतपत्रिकेवर चालणार नाही. खालून मामंजींचा आवाज आला, "ऐकलं, ऐकलं." मला शांत झोप लागणार आहे.

२६ नोव्हेंबर, शनिवार

आजचं आजच लिहिते.

सकाळी मामंजींना घेऊन शाळेतल्या केंद्रावर गेले. गर्दी बरी होती. त्यांनी कमरेच्या बटव्यातून शिक्का काढला, यादीवर उमटवला, सगळे कागद घेतले, आडोशाला गेले. जरा जास्तच वेळ लावला. बाहेर आले तेव्हा मी विचारलं, "सरकारी शिक्काच मारलात ना?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे विचारलं नाही.

चार वाजता मतदान थांबलं आणि मोजणी सुरू झाली. आमच्याकडे मोजणी म्हणजे वर्गाची दारंखिडक्या उघड्या, ज्याला यायचं त्याने यावं. एकजण एकेक मतपत्रिका दोन्ही हातांनी डोक्यावर धरतो, लोकांना दाखवतो, ओरडून सांगतो. दुसरा भिंतीवरच्या कागदावर रेघ ओढतो, पाच रेघांचं एक अक्षर होतं. मी आणि पेई-यिन पहिल्या रांगेत.

लीचांगच्या मोजणीत को बंधूंचा धुव्वा उडाला. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मग दुरुस्तीचे कागद काढले, आणि निम्मे लोक घरी गेले.

"सहमत, एक." "असहमत, एक." "असहमत, एक." मी अक्षरं मोजत होते. पहिल्या अर्ध्या तासात मला वाटलं, ढिगाची वरची बाजूच वाईट असेल. मग लक्षात आलं की ढीगच लहान आहे. कितीतरी लोकांनी कागद घेतलाच नव्हता. आ-लुआन माझ्या मागे उभी होती. मी वळून बघितलं तर म्हणाली, "लीचांगबाई, मी मत तुम्हाला दिलं हो. दुसरा कागद घेतला नाही. माझा नातू सतरा वर्षांचा आहे, त्याला बघते ना मी रोज." असं म्हणून तिने माझा हात दाबला. अगदी प्रेमाने दाबला, त्याचंच जास्त लागलं. तिला मी प्रिय आहे, माझं म्हणणं नाही.

आमच्या वस्तीत चौदाशे मतदार. 'सहमत' चारशेच्या थोडे वर, 'असहमत' तीनशे सत्तरच्या आसपास. जिंकलो म्हणावं तर जिंकलो, आणि हवे होते त्यातले जेमतेम अर्ध्याच्या वर मिळाले. मी सोळा गल्ल्या हिंडून चहा प्याले होते, मतं नव्हती मिळवली. हे वेन-पिनने सप्टेंबरातच सांगितलं होतं, आणि मी त्याला कौतुक समजले.

पण लिहायचंय ते वेगळंच.

ढीग संपत आला होता. मोजणारी मुलगी एक मतपत्रिका वर धरता धरता थबकली. तिने ती शेजारच्याला दाखवली, त्याने मान हलवली. मग तिने नियमाप्रमाणे ती डोक्यावर धरली, डावीकडे दाखवली, उजवीकडे दाखवली, आणि ओरडली, "अवैध."

'सहमत'च्या रकान्यात सरकारी गोल खूण नव्हती. चौकोनी, लालभडक ठसा होता. तो घाट मी घरात वीस वर्षं बघतेय. मनात म्हटलं, हाय रे देवा, मामंजी. सगळ्या गावाला सांगितलं, आणि घरचाच माणूस चुकला. आणि दुसऱ्याच क्षणी म्हटलं, पण 'सहमत'च्या रकान्यात?

पेई-यिनने माझा दंड धरला. तिचे डोळे माझ्याहून चांगले. "आई," ती म्हणाली, "ते माझं नाव आहे."

घरी आलो तर मामंजी खुर्चीत बसून दूरदर्शनवर निकाल बघत होते. देशभरातही तेच. 'सहमत' जास्त, पण शहाण्णव लाखांच्या आसपासही नाही. दुरुस्ती पडली होती.

मी म्हटलं, "मामंजी, चुकून बटव्यातला दुसरा शिक्का हाताला लागला का तुमच्या?"

"मी शिक्के चुकत नाही."

"मग बाद होणार हे माहीत असून? तुमचं मत वाया गेलं."

"माझं मत 'नाही' होतं. अजून आहे. पोरं घाई करतात असंच मला वाटतं. पण आत उभा राहिलो आणि वाटलं, माझ्यावर चाळीस वर्षं हेच झालं. माझ्या वतीने म्हातारेच उत्तर देत बसले. आता मीही तेच करू?" त्यांनी दूरदर्शनचा आवाज कमी केला. "हिला महिनाभर विचारत होतो. ती नीट विचार करून बोलते. तुझ्यापेक्षा नीट. म्हणून माझा कागद तिला दिला. तिचं उत्तर, तिचा शिक्का."

"पण मोजलं नाही ना ते."

"मोजलं नाही. पण वर धरलं की नाही? दोन्ही बाजूंना दाखवलं की नाही?"

पेई-यिन त्यांच्या पायाशी बसून रडत होती. मीही रडले. वेन-पिन आतून चहा घेऊन आला आणि चौघांचा चहा गार झाला.

२७ नोव्हेंबर

सकाळपासून अभिनंदनाचे फोन आणि दोन फुटके नळ. देशभरात छप्पन लाख 'सहमत', पन्नास लाख 'असहमत'. शू गुरुजी येऊन गेले. मला वाटलं, मी सांगितलं होतं असं म्हणतील. म्हणाले, "छप्पन लाख कमी नाहीत." माणूस वाटतो तेवढा काळ्या बाजूचा नाही.

मी ठरवलंय. संसद पुन्हा असा प्रश्न पाठवेल, कधी ते माहीत नाही, पण पाठवेल. तेव्हा मी 'हो' ऐकायला दारोदार जाणार नाही. 'का नको' ते विचारायला जाईन, आणि चहा माझ्या घरून नेईन. आ-लुआनपासून सुरुवात. तिच्या नातवाशीही बोलायचंय, तो तोवर विशीचा असला तरी.

आणि हो, पुढच्या सणाला सगळ्या शेगड्या माझ्याकडे. शब्द म्हणजे शब्द.

३ जानेवारी २०२३, मंगळवार

परवा, एक तारखेला सकाळी, मामंजींनी पेई-यिनला डबी दिली. तिने उघडून शिक्का उलटा करून बघितला. तोंड लाल होतं. त्यांनी पुसलंच नव्हतं. तिनेही पुसलं नाही, तसाच परत डबीत ठेवला.

आज सुट्ट्या संपल्या, पोस्ट उघडलं. तिला स्वतःच्या नावाचं खातं काढायचं होतं, आईबापाच्या सहीशिवाय. मी नुसती सोबत गेले होते. मामंजीही आले, काठी घेऊन, मागच्या बाकावर बसले. खिडकीतली बाई भली होती. तिने कागद पुढे सरकवला, शाईची पेटी सरकवली आणि डबी बघून म्हणाली, "नवा दिसतोय. पहिल्यांदाच उमटवतेस का? चारही कोपरे सारखे दाब हं."

पेई-यिनने शिक्का शाईवर टेकवला. मागे वळून आजोबांकडे बघितलं.

"पहिल्यांदा नाही," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा."